तुळशीत भांग, डेन्व्हरात दुकान

मैत्रिणींनो, लेकीच्या घरी गेलेल्या आईला कुणी विचारलं, ‘काय काय पाहिलंत?’ तर तिनं डोंगर, बागा आणि नातवंडांचे फोटो दाखवावेत अशी रीत आहे. मीही ते सगळं पाहिलं. पण आज सांगणार आहे ते एका दुकानाबद्दल. गांज्याच्या! दचकलात ना? मीसुद्धा दचकले होते.

माझी लेक राहते अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहरात. समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंचीवरचं हे गाव. सोनेरी घुमटाच्या विधानभवनाच्या पायऱ्या चढताना तेराव्या पायरीशी थांबलं की आपण 5280 फुटांवर उभे असतो, आणि पश्चिमेला रॉकी पर्वताची निळी रांग दिसते. उंचीमुळे पहिले चार दिवस धाप लागते, ओठ फुटतात, सारखं पाणी प्यावं लागतं. स्वयंपाकाचं तर विचारूच नका. तिथे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. तिकडे जाणार असाल तर बॅगेत कुकरची एक जादा रिंग टाका, दुवा द्याल.

विधानभवनासमोरच्या बागेत एक दिवस बाकावर बसले होते. वाऱ्यावर एक वास आला आणि मी चपापले. तो वास मी पस्तीस वर्षांनी ओळखला.

आमच्या मिरजेच्या वाड्यात, मागच्या दाराशी गोठ्याला लागून एक खोली होती. माझे धाकटे दीर तिथे चिलीम ओढत. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, ‘त्याला दम्याचा त्रास आहे, म्हणून तिकडे मोकळ्या हवेत झोपतो.’ मोठी माणसं आपसात म्हणायची, तुळशीत भांग उगवली. नोकरी गेली, जाऊबाईंच्या पाटल्या गेल्या. बिचारीनं पापड लाटून दोन मुलांची शिक्षणं केली. पण वीस वर्षांत एकदाही त्यांना डॉक्टरकडे नेलं नाही. नेलं असतं तर नाव सांगावं लागलं असतं ना!

तेव्हा गांजा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे जाऊबाईंचे ते हात येतात. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मी अमेरिकेला भुलून आले असं वाटायला नको.

घरी येऊन जावईबापूंना विचारलं, तर ते हसले. ‘आई, इथे ते कायद्यानं मिळतं. लोकांनी मत देऊन आणलंय.’ मग त्यांनी सगळं समजावलं. 6 नोव्हेंबर 2012 रोजी तिथे घटनादुरुस्तीवर मतदान झालं. शंभरातल्या सुमारे पंचावन्न जणांनी ‘हो’ म्हटलं. राज्याच्या गव्हर्नरांचा विरोध होता, पण कौल लोकांचा. 1 जानेवारी 2014 ला दुकानं उघडली, ती मोठ्या माणसांसाठी म्हणून. आजाऱ्यांना तर 2000 च्या मतदानापासूनच मुभा होती. मजा म्हणजे, एवढं होऊनही प्रत्येक गावाला ‘आमच्याकडे दुकान नको’ म्हणायचा अधिकार ठेवला, आणि पुष्कळ गावांनी तो वापरला. म्हणजे ओढणाऱ्याचं स्वातंत्र्य आहे, तसं नको म्हणणाऱ्याचंही आहे.

मला दुकान दाखवलं ते शेजारच्या आजीबाईंनी. वय ऐंशीच्या घरात, एकट्या राहतात, बोटं संधिवातानं वाकडी झालेली. मी पुरणपोळी दिली की त्या सफरचंदाचा केक देत, असं आमचं चाललं होतं. एका दुपारी म्हणाल्या, ‘चल, माझ्याबरोबर, बाजार करून येऊ.’ भाजी झाली, पाव झाला, आणि मग गाडी थांबली ती या दुकानापाशी.

मला वाटलं होतं अंधार असेल, मवाली बसलेले असतील. कसलं काय! दारात एका मुलानं आमची वयं तपासली. आजीबाईंचं ओळखपत्र पाहिलं, माझा पासपोर्ट पाहिला. एकवीस वर्षांच्या आतल्याला आत पाऊल टाकता येत नाही. आमच्या दोघींकडे बघून कुणाला शंका यायचं कारण नव्हतं, पण नियम म्हणजे नियम. आत चष्म्याच्या दुकानासारखं लख्ख. काचेच्या बरण्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नशेचा अंश किती ते छापलेलं. एका वेळी एक औंस, म्हणजे 28 ग्रॅमच मिळणार. खायच्या गोळ्यांच्या एका तुकड्यात 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अंश नको, अख्ख्या डबीत 100 पेक्षा जास्त नको. डबीचं झाकण लहान मुलाला उघडता येऊ नये असं. सुरुवातीला या गोळ्या अस्वलाच्या नि फळांच्या आकाराच्या असत आणि मुलं खाऊ समजून तोंडात टाकत, म्हणून पुढे तसे आकारच बंद केले. भिंतीवर गरोदर बायकांसाठी इशारा लावलेला.

पैसे मात्र बहुतेक रोख. बाजूलाच पैसे काढायचं यंत्र! कारण राज्यानं ‘हो’ म्हटलं तरी दिल्लीनं, म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टननं ‘हो’ म्हटलेलं नाही, आणि बँका केंद्राला भितात.

पावती मी मुद्दाम वाचली. आपल्याला सवयच असते. मळ्यातून दुकानात येताना 15 टक्के कर, गिऱ्हाईकाच्या हाती पडताना राज्याचा आणखी 15 टक्के, वर शहराचा वेगळा. दरवर्षी मळ्याकडच्या करातले पहिले 4 कोटी डॉलर शाळांच्या इमारतींना द्यायचे, असं त्या 2012 च्या दुरुस्तीतच लिहिलेलं होतं. 2021 साली राज्यात सुमारे 220 कोटी डॉलरची विक्री झाली. 2023 पर्यंत ती 150 कोटींवर उतरली, कारण आजूबाजूच्या राज्यांनीही दुकानं उघडली. मला आपलं वाटलं, मुलांची शाळा लोकांच्या नशेवर कशी चालवायची? विक्री घटली की गळणाऱ्या छपराचं काय? पण मग दारूवरच्या उत्पन्नावर आपलीही सरकारं चालतातच की. आपला तो बाब्या!

आणि हेही काही साहेबाच्या देशातलं नवं खूळ नाही हो. इंग्रज सरकारनं आपल्याकडच्या भांग-गांज्यावर कर लावलाच होता. 1893 साली त्यांनी एक आयोग नेमला, हजाराहून अधिक साक्षी घेतल्या, आणि आयोगानं सांगितलं की सरसकट बंदी नको, कर आणि परवाना बरा. पुढे 1985 च्या आपल्या कायद्यानं गांजा आणि चरस गुन्ह्यात घातले, पण नुसती पानं नि बिया व्याख्येबाहेर ठेवल्या. म्हणून तर काशीला आणि जैसलमेरला भांगेची परवान्याची दुकानं आहेत, आणि महाशिवरात्रीची थंडाई पिणाऱ्याला कुणी गांजेकस म्हणत नाही.

असो. निघताना आजीबाईंनी एक छोटी डबी माझ्या हातात ठेवली. ‘तुझ्या गुडघ्यांना. चोळायचं फक्त. यानं मला झोप लागते, तुलाही लागेल.’ किती मायेनं दिली होती! मी पदराला बांधावी तशी पर्समध्ये घातली.

रात्री लेकीनं ती डबी पाहिली आणि तिचा चेहराच उतरला.

‘आई, ही कुठून आणलीस?’

मी सांगितलं. तिनं दार लावून घेतलं. पुढच्याच महिन्यात जावईबापूंची नागरिकत्वाची मुलाखत होती. ‘इथल्या राज्यात चालतं गं, पण आम्हाला नाही चालत. नागरिकत्व देतं ते केंद्र. त्यांनी 2019 मध्ये साफ सांगितलंय, राज्यात कायदेशीर असलं तरी आमच्या लेखी तो दोषच. चांगल्या वर्तणुकीत बसत नाही. आणि तू व्हिसावर आलेली. उद्या विमानतळावर कुणी विचारलं, कधी वापरलंय का, तर तू खोटं बोलणार?’

मी गप्प. साठी उलटलेली बाई मी, लेकीपुढे चोरासारखी बसले होते. हातात काय, तर गुडघ्याचं मलम! एकाच गल्लीतली दोन घरं. एका घरात ती डबी उशाशी, उघड्यावर. दुसऱ्या घरात तीच डबी म्हणजे बारा वर्षांच्या संसारावर टांगलेली तलवार. स्वातंत्र्य म्हणतात ते दार सगळ्यांना एकाच किल्लीनं उघडत नाही, हे मला त्या रात्री कळलं. जावईबापू म्हणाले, काळ्या लोकांना विचारा. कायदा बदलल्यावर 2012 ते 2019 या काळात धरपकड दोनतृतीयांशानं कमी झाली, तरी गोऱ्यांच्या मानानं काळ्यांना धरायचं प्रमाण दुपटीहून जास्तच राहिलं.

सकाळी मी डबी परत द्यायला गेले. काय सांगावं सुचेना. शेवटी मोडक्या इंग्रजीत खरं तेच सांगितलं. आजीबाई आधी म्हणाल्या, ‘पण हे कायदेशीर आहे!’ मग त्यांच्या ध्यानात आलं. बराच वेळ त्या माझा हात धरून बसल्या. ‘मला हे कधी माहीतच नव्हतं,’ म्हणाल्या. संध्याकाळी दाराची घंटा वाजली. गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन त्या उभ्या होत्या, तिला स्वतः विणलेली लोकरीची खोळ.

ती पिशवी माझ्याबरोबर मिरजेला आली आहे.

आणखी एक सांगून पुरे करते. एकदा रस्त्यात त्या दुकानाकडे बोट दाखवून बारा वर्षांच्या नातीला मी सहज विचारलं, ‘हे काय गं?’ ती म्हणाली, ‘आजी, ते एकवीसनंतर. त्याआधी घेतलं तर मेंदूला वाईट. आई म्हणाली, कुणी दिलं तर तिला येऊन सांगायचं, ती रागावणार नाही.’ मी तिच्याकडे बघतच राहिले. आमच्या वाड्यात हे एक वाक्य कुणी बोललं असतं तर! ‘सांग, आम्ही रागावणार नाही.’

गांजा विकावा की विकू नये, हे सरकारनं ठरवायचं, आणि मतपेटीतून आपण. दुकानामुळे घरं सुधारतात असं मी म्हणणार नाही. जाऊबाईंच्या पाटल्या पावती मिळाली म्हणून काही वाचल्या नसत्या. पण चिठ्ठी लावलेल्या बरणीबद्दल निदान बोलता येतं. गोठ्याशेजारच्या खोलीबद्दल आम्हाला वीस वर्षं बोलता आलं नाही. परत आल्यावर मी जाऊबाईंना डेन्व्हरची सगळी हकीकत सांगितली. दीर जाऊन बरीच वर्षं झाली. त्या ऐकत होत्या, आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, ‘त्यांना दमा नव्हता, वहिनी.’ म्हटलं, ‘माहीत आहे हो.’ मग दोघी रडलो, आणि चहा टाकला.

तिकडे जाणाऱ्या मैत्रिणींना दोन गोष्टी बजावते. विधानभवनाची तेरावी पायरी जरूर चढा, पाणी भरपूर प्या. आणि कुणी कितीही प्रेमानं दिली तरी अशी डबी, गोळी, मलम घेऊ नका, परतीच्या बॅगेत तर चुकूनही नको. डेन्व्हरच्या विमानतळावर ते चालत नाही, आणि आपल्या विमानतळावर तर थेट तुरुंगाची गाठ. गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी बरी. खोळ मात्र लोकरीची हवी.