चौदा चुका

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना, म्हणजे २००० साली, मी एका अनोळखी गृहस्थांना त्यांच्या मराठीतल्या चौदा चुकांची यादी पाठवली होती. त्यांनी ती मागितली नव्हती.

डेक्कनवरच्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आम्ही मैत्रिणी बसत असू. पत्रे वाचून झाली की उरलेल्या मिनिटांत मी महाजालावर भटके, आणि त्या भटकंतीत लोकांची वैयक्तिक संकेतस्थळे सापडू लागली. वृत्तपत्रांची नव्हेत, कंपन्यांचीही नव्हेत; एकेकट्या माणसांनी फावल्या वेळात हाताने रचलेली. त्यांतली पुष्कळशी १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीजवर होती. तिथे पेठांसारख्या वस्त्या असत आणि घरांना क्रमांक. संगणकवेडे 'सिलिकॉन व्हॅली'त राहत, वाचन-लेखन-तत्त्वज्ञानवाले 'अथेन्स'मध्ये. (सदाशिव पेठेत वाढलेल्या मला ही व्यवस्था लगेच कळली, आमचे घरक्रमांक मात्र इतके सरळ कधीच नव्हते.)

हे गृहस्थ मूळचे पुण्याचे, नोकरीनिमित्त अमेरिकेत. संगणकाविषयी ते मराठीत लिहीत. मोडेम जोडला जाताना जी घरघर आणि किंचाळी ऐकू येते तिच्यात नेमके काय बोलणे चालते, यावर त्यांनी एक अख्खे पान लिहिले होते. दुसऱ्या पानावर त्यांनी देवनागरी फॉन्ट स्वतः कसा घडवला, त्याची हकीकत होती. फॉन्ट उतरवून घेतला तरच मजकूर दिसे. कॅफेच्या मालकाची मनधरणी करून मी तो बसवून घेतला आणि पानांचे छापील उतारे काढले. विषय मला फारसा कळला नाही. 'दर्यांत', 'वार्याने', 'तार्यांचा' ही रूपे मात्र लगेच खुपली. मी यादी केली आणि धाडली.

चार दिवसांनी उत्तर आले. आभार, पाच चुका दुरुस्त केल्या, उरलेल्या नऊंना 'जागा नाही'. मला ही सबब वाटली. वर्गात मी ते पत्र वाचून दाखवले आणि आम्ही हसलो. पुढे बरेच दिवस 'संगणकवाल्यांचे मराठी' हा आमच्यात एक शब्दप्रयोगच होऊन बसला.

जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाले. काही स्वयंसेवी मंडळींनी आणि इंटरनेट आर्काइव्हने त्यातले जमेल तेवढे वाचवले. गेल्या वर्षी पाठचिकित्सेच्या तासासाठी वेगळे उदाहरण शोधताना मला त्या पानांची आठवण झाली. पाने सापडली, पण वाचता येईनात. मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा नुसता चुरा होता. फॉन्टची फाईल कुठेच नव्हती.

असे का होते, हे विद्यार्थ्यांना सांगताना मी त्या काळी प्रचलित असलेल्या शिवाजी फॉन्टचे उदाहरण देते. त्यात 'मराठी' हा शब्द यंत्राच्या लेखी एम-ए-आर-ए-झेड-आय असा असतो. एम म्हणजे म-चा दंडाविना उरलेला भाग, पुढचा ए म्हणजे दंड. र-पुढे तोच ए काना होतो. झेड म्हणजे ठ, आणि कॅपिटल आय म्हणजे दीर्घ वेलांटी. यंत्राला मराठी ठाऊकच नव्हते. इंग्रजी अक्षरांना आपण मराठी मुखवटे चढवले होते. मुखवटा हरवला की खालचे इंग्रजी उघडे पडते.

महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे आणि भावे यांनी तिचा उलगडा करीपर्यंत 'लीळाचरित्र' पंथाबाहेरच्या अभ्यासकांना बंद होते. तिथे गुप्तता हेतुपूर्वक होती, इथे अपघाताने आली. वाचणाऱ्याची अडचण मात्र तीच. माझ्याजवळ कॅफेत काढलेले छापील उतारे होते. एकीकडे कागद, दुसरीकडे पडद्यावरचा चुरा, हातात पेन्सिल. दिवाळीच्या सुटीतली आठ दुपारे त्यात गेली आणि तक्ता जवळजवळ पुरा झाला.

त्या तक्त्यात 'र्य' आणि 'ऱ्य' या दोहोंना मिळून एकच खूण आहे.

अशा फॉन्टला एकंदर २५६ घरे असत. त्यांतली काही यंत्राच्या स्वतःच्या कामात जात. स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी रूपे, जोडाक्षरे, अंक असे सगळे उरलेल्या घरांत कोंबायचे. कोणाला घर द्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, हे त्या माणसाने एकट्याने ठरवले होते आणि त्याची कारणे फॉन्टच्या पानावर सविस्तर लिहिली होती. ती मी २००० साली वाचली होती. निदान माझ्या डोळ्यांखालून गेली होती. 'ज्ञ' आणि 'क्ष' ठेवले. 'ङ' ठेवला, कारण 'वाङ्मय' लिहिता आले पाहिजे. 'ऱ्य'साठी घर उरले नाही. म्हणजे 'दर्यांत' हे अज्ञान नव्हते. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक त्यांना माझ्याइतकाच ठाऊक होता, आणि त्यातला कोणता सोडणे परवडेल याचा विचार त्यांनी माझ्याहून अधिक केला होता. व्याकरणाच्या नावाने शिकलेल्या मला असा विचार कधी करावा लागला नव्हता.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोज २००० मध्ये ती आलीही. पण 'ऱ्य'ला तिथेही वेगळा ऱ किंवा एक अदृश्य जोडचिन्ह लागते, आणि ते वाटेत गळले की पुन्हा 'र्य' उरतो. टंकलिखित उत्तरपत्रिकांत 'वार्याने' दिसले की माझा लाल पेन आता थबकतो. चूक लिहिणाऱ्याची की कळफलकाची? भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्या गावात सिद्ध केली, तिथल्या मराठीच्या विद्यार्थिनीला एवढा प्रश्न पडायला हवा होता.

त्या जुन्या पत्त्यावर मी मेल पाठवून पाहिली; ती परत आली. तक्त्यातल्या दोन खुणा अजून लागलेल्या नाहीत. दोन्ही एकेकदाच येतात, आणि छापील प्रतीत नेमकी ती जागा कागदाच्या कडेला कापली गेली आहे.