बंगळूरची कॉफीची दुकाने

बंगळूर शहर पाहावयास येणाऱ्या प्रवाशास लालबाग, कब्बन पार्क आणि विधानसौध ही स्थळे कोणीही दाखवील. परंतु ह्या नगरीचा घरगुती स्वभाव ज्यास जाणून घ्यावयाचा असेल, त्याने सकाळच्या प्रहरी बसवनगुडीतील गांधी बाजार, मल्लेश्वरम् किंवा जयनगर अशा एखाद्या जुन्या वस्तीत पायी हिंडावे. फुले, केळीची पाने आणि पूजासाहित्य ह्यांच्या दुकानांमधून वाट काढीत असता मध्येच भाजलेल्या कॉफीचा खमंग वास येतो. वासाच्या मागाने गेल्यास एक अरुंद दुकान लागते. आत बसावयास बाक नाही, खावयास पदार्थ नाही. दाण्यांनी भरलेले डबे, एक दळण्याचे यंत्र, एक तराजू आणि कागदी पिशव्यांची चळत, एवढाच सरंजाम. काही दुकानांत भाजण्याची भट्टीही तेथेच असते. काहींचा दाणा त्यांच्या स्वतःच्या भट्टीवरून भाजून येतो. कन्नडमध्ये ‘काफी पुडि’ म्हणजे कॉफीची पूड. ती विकणे हाच ह्या दुकानांचा व्यवसाय.

आपण महाराष्ट्रीय मंडळी चहाची पूड वाण्याकडून पुड्यात आणतो. येथील जुने कुटुंब मात्र कॉफी आणते ती गिरणीतून दळण आणावे तशी. दुकानदार गिऱ्हाइकास तीन प्रश्न विचारतो: दाणा कोणता, चिकोरी किती आणि दळण कसे? नेहमीच्या गिऱ्हाइकास मात्र काहीच विचारावे लागत नाही; त्याच्या घरचे प्रमाण दुकानदारास तोंडपाठ असते. ह्या तीन प्रश्नांत कॉफीचे सारे शास्त्र सामावलेले आहे. म्हणून, वाचकहो, आपण ते एकेक करून समजून घेऊ.

पहिला प्रश्न दाण्याचा. बाबा बुदन नावाच्या सूफी साधूने सतराव्या शतकात येमेनमधील मोखा बंदरातून सात बिया गुप्तपणे आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. त्या डोंगरास आजही बाबा बुदनगिरी म्हणतात. देशातील कॉफीच्या एकूण उत्पादनापैकी सुमारे सत्तर टक्के कॉफी आज एकट्या कर्नाटकात, मुख्यतः चिकमगळूर, कोडगू आणि हासन ह्या जिल्ह्यांत होते. दाण्याच्या मुख्य जाती दोन. अरेबिका ही उंच डोंगरावर वाढणारी, सुवासिक आणि किंचित आंबूस चवीची. रोबस्टा ही सखल भागातही तग धरणारी, कडवट आणि दाट. फळाचा गर धुऊन काढून वाळविलेल्या अरेबिकास व्यापारात ‘प्लँटेशन’ म्हणतात आणि फळ तसेच उन्हात वाळवून काढलेल्या दाण्यास ‘चेरी’. कॉफीच्या फळात बहुधा दोन चपट्या बिया असतात. क्वचित एकच गोल बी भरते, तिला ‘पीबेरी’ असे नाव आहे. गोल दाणा भट्टीत सारखा फिरतो आणि सारखा भाजला जातो, म्हणून तिचे चाहते ती आवर्जून मागतात.

कच्चा दाणा हिरवट करडा असतो आणि त्यास कॉफीचा वास मुळीच नसतो. तो वास निर्माण करते ती भट्टी. फिरत्या पिंपात दोनशे अंशांच्या वरपर्यंत उष्णता चढत जाते तसतसा दाणा पिवळा, मग तांबूस होतो. वास प्रथम गवतासारखा, मग भाजत्या पावासारखा येतो. नंतर दाणे लाही फुटावी तसे तडतडतात. ह्या तडतडीनंतरच्या काही क्षणांतच भाजणाऱ्याचे कसब पणास लागते. लवकर काढला तर दाणा कच्चट आणि आंबट राहतो. उशीर झाला तर जळकट होतो. भट्टीबाहेर काढलेला दाणा तत्काळ थंड करावा लागतो, नाही तर तो स्वतःच्याच उष्णतेने पुढे भाजत राहतो. ह्या सर्व व्यापात दाण्याचे वजन साधारण एक षष्ठांशाने घटते.

दुसरा प्रश्न चिकोरीचा, आणि गृहिणींनी तो विशेष लक्षपूर्वक ऐकावा. चिकोरी म्हणजे कॉफी नव्हे. ती एका वनस्पतीची मुळी आहे. आपल्या देशात गुजरात आणि उत्तर प्रदेशात तिची लागवड होते. मुळी वाळवून, भाजून, दळून ती कॉफीत मिसळतात. तिच्यामुळे अर्क काळाभोर आणि दाट उतरतो, दुधात रंग टिकतो आणि खर्चही कमी येतो. कॉफीतील तरतरी आणणारे कॅफीन मात्र तिच्यात नसते. चिकोरी घालणे ही लबाडी नव्हे. दक्षिणेतील कित्येक घरांना तीच चव प्रिय आहे. ऐंशी भाग कॉफी आणि वीस भाग चिकोरी, किंवा सत्तर आणि तीस, ही प्रमाणे सर्वपरिचित आहेत. लबाडी होते ती प्रमाण लपविण्यात. कायद्याप्रमाणे अशा मिश्रणात निम्म्याहून अधिक, म्हणजे निदान 51 टक्के, कॉफी असलीच पाहिजे आणि वेष्टनावर प्रमाण छापले पाहिजे. शंका आल्यास एक सोपी परीक्षा घरीच करता येते. पेलाभर थंड पाण्यावर चमचाभर पूड भुरभुरावी. कॉफी बराच वेळ तरंगत राहते. चिकोरी मात्र रंगाच्या रेघा सोडीत लगेच तळाशी जाऊ लागते.

तिसरा प्रश्न दळणाचा. पितळी वा पोलादी फिल्टरसाठी पूड मध्यम बारीक हवी. फार बारीक दळल्यास पाणी खाली उतरत नाही, जाड दळल्यास अर्क पातळ होतो. दळल्यानंतर सुवास झपाट्याने उडू लागतो, म्हणून जाणती गिऱ्हाइके एका वेळी पावशेराहून अधिक पूड नेत नाहीत. ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. फिल्टरमध्ये पूड हलक्या हाताने दाबून, उकळी आलेले पाणी ओतून पंधरा-वीस मिनिटे धीर धरला की अर्क तयार होतो.

ह्या छोट्या दुकानांच्या मागे एक मोठा इतिहास उभा आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ बंद झाली, तेव्हा मळेवाल्यांस वाचविण्यासाठी सरकारने कॉफीची विक्री आपल्या हाती घेतली. 1942 च्या कायद्याने स्थिर झालेल्या कॉफी मंडळाचे मुख्यालय बंगळूरलाच आहे. मळेवाल्याने आपले पीक मंडळाच्या सामाईक साठ्यात जमा करावे, मंडळाने त्याचा लिलाव करावा आणि पैसे हप्त्यांनी चुकते करावे, अशी ती व्यवस्था होती. तिने पडत्या काळात मळे तगले हे खरे; परंतु एकाच साठ्यात पडलेल्या दाण्यास स्वतःचे नावगाव उरले नाही. कॉफीचा प्रसार व्हावा म्हणून ‘इंडिया कॉफी हाऊस’ ही उपाहारगृहे निघाली, त्यांतील पहिले 1936 साली मुंबईत चर्चगेट येथे. पुढे मंडळाने ती बंद करण्याचे ठरविले, तेव्हा ए. के. गोपालन ह्यांच्या प्रेरणेने कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या. त्यांतील पहिली 1957 साली बंगळूर येथे स्थापन झाली.

1990 च्या दशकात सामाईक साठ्याची सक्ती टप्प्याटप्प्याने उठली आणि 1996 पर्यंत सर्व मळेवाल्यांस आपला माल स्वतः विकण्याची मोकळीक मिळाली. त्याचे फळ गेल्या काही वर्षांत ह्याच शहरात दिसू लागले आहे. इंदिरानगर, कोरमंगल अशा नव्या वस्त्यांत तरुण भट्टीवाले मळ्याचे नाव, डोंगराची उंची, दाण्याची जात आणि भाजल्याची तारीख पिशवीवर छापून कॉफी विकतात. 2019 साली कोडगू, चिकमगळूर आणि बाबा बुदनगिरी येथील अरेबिका, वायनाडची रोबस्टा आणि आंध्रातील अराकू खोऱ्याची अरेबिका ह्यांस भौगोलिक मानांकनही मिळाले.

ही नवी कॉफी महाग असते आणि कोणी तिला श्रीमंतांचे चोचले म्हणेल. पण क्षणभर मळ्याकडे पाहा. आपल्या देशातील कॉफीचे बहुतेक सर्व उत्पादक लहान शेतकरी आहेत. चैत्राच्या सुमारास मोहरासाठी एक-दोन सरी वेळेवर पडल्या नाहीत तर वर्षाचे पीक हातचे जाते. खोडकिडा लागला तर अरेबिकाचे झाड उपटून जाळावे लागते. 2024 आणि 2025 साली जगभर कॉफीचे भाव कडाडले ते ब्राझील आणि व्हिएतनाममधील अवर्षणामुळे. भाव असे चढले की दाणा कमी आणि चिकोरी जास्त करण्याचा मोह व्यापारात वाढतो. आणि पिणाऱ्याने काहीच विचारले नाही, तर चांगला दाणा पिकविणारा आणि वाईट पिकविणारा दोघेही एकाच मापाने मोजले जातात.

म्हणून जुन्या दुकानाची जवळीक आणि नव्या दुकानाचा उघड हिशेब ह्या दोन्हींची आपणांस गरज आहे. पहिल्याने सामान्य कुटुंबास परवडेल अशी ताजी कॉफी दिली. दुसऱ्याने दाण्यास त्याचे गाव परत दिले. पावशेर पूड घेणाऱ्यानेही गांधी बाजारातील दुकानदारास दोन प्रश्न उलट विचारावे: हा दाणा कोठला, आणि भाजला कधी? चांगला दुकानदार अशा प्रश्नाने रुसत नाही, खुलतो.

आपल्याकडे जायफळ किंवा वेलदोडा घातलेली दुधाळ कॉफी प्रिय आहे. ती खुशाल तशीच करावी. मात्र एकदा ताज्या भाजलेल्या, बिनचिकोरीच्या पुडीचा अर्क उतरवून, त्यात कढत दूध घालून, जायफळावाचून घोटभर चाखावी. मग आपल्या घराला कोणते प्रमाण मानवते ते ठरवावे आणि दुकानदारास तेवढेच मोजून मागावे.