‘तृष्णा’ची पृथ्वीप्रदक्षिणा

पुण्याच्या दापोडी भागात सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे लष्कराच्या ज्या अभियंता दलाचे अधिकारी घडतात, त्या दलाने इंग्लंडमध्ये एक वापरलेली, ३७ फुटी शिडाची नौका विकत घेतली, सागरसफरीसाठी सज्ज केली आणि तिचे नाव ठेवले ‘तृष्णा’. २८ सप्टेंबर १९८५ रोजी ती मुंबईहून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून १० जानेवारी १९८७ रोजी मुंबईस परतली. शिडाच्या नौकेतून भारतीयांनी केलेली ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा.

शास्त्रांनी तृष्णेला दुःखाचे मूळ मानले आहे. मात्र या ‘तृष्णे’वर हाव धरायला जागाच नव्हती. पाणी मोजके, शिधा मोजका, निजायला अंगापुरती फळी. जुनी नौका रोज सेवा मागते: उसवलेले शीड शिवावे, झिजलेला दोर बदलावा. एकाने हयगयीने मारलेली गाठ साऱ्यांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून रात्री एक सोबती सुकाणू धरतो, तेव्हाच बाकीचे निश्चिंत निजतात.

सागराचा आनंद या सोबत्यांना अशा परस्परविश्वासातूनच लाभला. थोडक्यात भागवणे, जुने जपणे आणि सोबत्याच्या जिवाची काळजी वाहणे, एवढ्या शिदोरीवर पृथ्वीप्रदक्षिणा घडली. संसारालाही हीच शिदोरी पुरते.