तीन गोळ्यांचे पाकीट

घसा धरला, अंगात कणकण आली, की अनेक घरांतून औषधाच्या दुकानात एकच मागणी पोहोचते: अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० चे तीन गोळ्यांचे पाकीट. तीन दिवसांत काम उरकते, पेढी बंद ठेवावी लागत नाही, एवढीच त्याची ख्याती. त्यामागील शास्त्र क्वचितच कोणी विचारते.

या औषधकुळाचे नाव मॅक्रोलाइड. त्याचा उगम फिलिपाइन्समधील इलोइलोच्या मातीत आहे. १९४९ मध्ये डॉ. अबेलार्दो अगिलार यांनी तेथील मातीचा नमुना अमेरिकेतील एली लिली कंपनीकडे पाठवला. त्यातील सूक्ष्मजीवापासून एरिथ्रोमायसिन मिळाले आणि १९५२ मध्ये ते बाजारात आले. पेनिसिलिन न सोसणाऱ्या रुग्णांना त्याचा मोठा आधार झाला. जीवाणूच्या पेशीत रायबोसोम नावाचे प्रथिनांचे सूक्ष्म कारखाने असतात. तयार होणारे प्रथिन ज्या बोगद्यातून बाहेर पडते, तेथेच हे औषध ठाण मांडते. मालाची वाटच अडल्याने जीवाणूची वाढ खुंटते. उरलेले काम शरीराची प्रतिकारशक्ती पुरे करते.

मात्र एरिथ्रोमायसिन जठरातील आम्लात टिकत नसे आणि पोटात कळा आणीत असे. १९८० मध्ये झाग्रेबच्या प्लिवा कंपनीतील संशोधकांनी त्याच्या रेणूच्या वलयात नायट्रोजनचा एक अणू गुंफला आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन साकारले. ते आम्लात अधिक टिकते. रक्तात थोडे आणि ऊतींत व पांढऱ्या पेशींत पुष्कळ साठते. शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे ६८ तास लागतात. म्हणूनच शेवटच्या गोळीनंतरही ते कित्येक दिवस काम करीत राहते.

या गुणातच धोका दडलेला आहे. औषध हळूहळू विरळ होत असता काही जीवाणू तगतात. रायबोसोमवरील औषधाची बैठक बदलण्याची कला ज्यांना साधते, त्यांच्यापुढे मॅक्रोलाइड कुळातील बहुतेक औषधे निष्प्रभ ठरतात. सर्दी व घसादुखी तर बहुधा विषाणूंमुळे होते. विषाणूला स्वतःचे रायबोसोमच नसते. तेथे या औषधाने धरावे काय?

पेठेतील एका वयस्क औषध दुकानदाराला हे ठाऊक होते. वीस वर्षांचे नेहमीचे गिऱ्हाईक आईसाठी हे पाकीट मागायला आले. "मागच्या वर्षीची चिठ्ठी आहे की, काका. औषध तेच." दुकानदार म्हणाले, "चिठ्ठी मागच्या वर्षीची, ताप आजचा. आधी डॉक्टरांना दाखवा." त्या माउलीच्या हृदयाचे ठोके नियमित राखणाऱ्या गोळ्या दरमहा याच दुकानातून जात. अ‍ॅझिथ्रोमायसिन काही रुग्णांत ठोक्यांची लय बिघडवू शकते, आणि अशा गोळ्या चालू असता तो धोका वाढतो, हेही त्यांनी समजावले. गिऱ्हाईक रागाने निघून गेले आणि पुढल्या महिन्यापासून त्या घरची औषधे दुसऱ्या दुकानातून जाऊ लागली.

वहीत हा तोटाच दिसतो. परंतु न्यूमोनियासारख्या गंभीर आजारात हेच औषध खरोखर हवे असते, आणि त्या दिवशी ते लागू पडावे यासाठी आज विनाकारण वापरता कामा नये. प्रतिजैविकाची शक्ती ही साऱ्या समाजाची सामाईक पुंजी आहे. एका घराने ती उधळली, तर तूट शेजारच्या घरालाही सोसावी लागते.