आतली खोली

प्रार्थनेला वेळ मिळत नाही, अशी तक्रार ऐकली की मला हसू येते. तक्रार करणाऱ्याचे नव्हे, तक्रारीच्या चिवटपणाचे. शाळेत शिकवीत होते तेव्हा शाळेची घंटा आड येई; मुले लहान होती तेव्हा त्यांचे डबे आड येत; आणि आता पेन्शन घेऊन पुण्याच्या या तिसऱ्या मजल्यावर बसले आहे, तरी सकाळची वीस मिनिटे आपण होऊन काही माझ्याकडे चालत येत नाहीत. नातवंडाचा एक मोजा तेवढ्यात हरवतोच.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, येशू सांगतो की प्रार्थना करायची तर आतल्या खोलीत जावे आणि दार लावून घ्यावे. लहानपणी हे ऐकले की मी मोठ्या कोड्यात पडे. आमचे घर होते अहमदनगरला. (2024 पासून ते अहिल्यानगर झाले आहे, पण माझ्या तोंडी ‘नगर’च बसलेले, आणि ते कोणत्याही नावाला चालते.) दोन खोल्या, त्यांतली एक स्वयंपाकघर, माणसे सात. आतली खोली कुठली आणि दार कुठले? मी एकदा बाबांना विचारले. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. उत्तर सरळ द्यायचे नाही, ही त्यांची शिकवण्याची रीत. ते म्हणाले, “तुझ्या आईला विचार.”

आईला विचारावे लागले नाही. नुसते पाहावे लागले. शेवटची भाकरी टोपल्यात पडली की ती तवा उतरवी, पाटावर बसे आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेई, थेट हनुवटीपर्यंत. तीच तिची आतली खोली, आणि तेच तिचे दार. कधी दोन मिनिटे, कधी दहा. तेवढ्या वेळात चुलीतला विस्तव फुरफुरे, मांजर दुधाशी लगट करी आणि आम्ही भावंडे भांडत असलो तर कुजबुजत भांडत असू. पदर मागे गेला की ती पहिले वाक्य बोले ते बहुधा मांजराला उद्देशून. पुढे कितीतरी वर्षांनी सुझाना वेस्लीविषयी वाचले. जॉन आणि चार्ल्स वेस्लींची ही आई; तिला एकोणीस मुले झाली, त्यांतली नऊ तान्हेपणीच गेली. भरल्या घरात प्रार्थनेसाठी ती आपला एप्रनच डोक्यावर घेऊन बसे, अशी आख्यायिका आहे. माझ्या आईने तिचे नावही ऐकले नसावे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मात्र तिला जवळजवळ पाठ होती. इंग्लंडातल्या धर्मोपदेशकाच्या बायकोला आणि नगरच्या मास्तरणीला एकच युक्ति सुचावी, याचे मला तेव्हा नवल वाटले. आता वाटत नाही. दोघींच्या घरांना दार नव्हते.

संध्याकाळची उपासना ही वेगळी गोष्ट. तिच्यात निवांतपणा औषधालाही नसे! बाबा टाळ घेत, दादा पेटी घेई आणि नारायण वामन टिळकांची भजने अशी रंगत की शेजारच्या काकू निवडायचे तांदूळ घेऊन आमच्या उंबऱ्यात येऊन बसत. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, पण अभंग आणि ओवी त्यांनी टाकली नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते म्हणत. त्यामुळे आमची उपासना आणि काकूंचे भजन यांत चालीचा फरक फारसा नसे. ती उपासना मला अजून प्रिय आहे. पण तिच्यात माणूस इतरांच्या आवाजावर तरंगत जातो. एकट्याने बसायचे म्हणजे स्वतः पोहायचे.

मार्काच्या पहिल्या अध्यायातली एक सकाळ मला नेहमी आठवते. आदल्या संध्याकाळी कफर्णहूमात सारे गाव दाराशी लोटले होते, आजारी माणसांना घेऊन. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, येशू उठून एकांतात जातो. आणि मग काय होते? शिमोन आणि मंडळी शोधत येतात आणि सांगतात, सगळे तुम्हालाच शोधताहेत! पहाटे पाच मिनिटे गच्चीत जाऊन बसलेल्या कुठल्या गृहिणीने हे ऐकले नसेल? माझी गंमत पुढेच आहे. तो परत जात नाही; आता दुसऱ्या गावांना जाऊ, म्हणतो. त्या अंधारात बसून त्याने काय करायचे ते ठरवले तसे काय करायचे नाही तेही ठरवले असावे, असे मला आपले वाटते. पंडिता रमाबाईंचेही असेच काही असले पाहिजे. केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो बायकामुलींचा संसार सांभाळून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खे बायबल मराठीत आणले. एवढी शांतता त्यांना कोणी ताटात वाढून दिली नसेल.

मी पाचला उठते. स्वयंपाकघराच्या मागच्या गॅलरीत एक वेताची खुर्ची आहे. फोन आतच ठेवते. एक स्तोत्र वाचते, सावकाश, आणि मग नुसती बसते. पहिली पाच मिनिटे गॅसचा नंबर, इस्त्रीचे कपडे, सूनबाईचा खोकला हीच मिरवणूक चालू असते. पूर्वी मी तिला हाकलीत असे. आता जे येईल ते तसेच देवापुढे ठेवते. सूनबाईच्या खोकल्यासाठीही कोणीतरी प्रार्थना केलीच पाहिजे. ‘निवांत’ हा शब्द मला फार आवडतो. वारा नाही अशा जागेला संस्कृतात ‘निवात’ म्हणतात, आणि गीतेत स्थिर चित्ताला अशाच जागेतल्या दिव्याची उपमा दिली आहे. पण माझा अनुभव असा, की वारा पडला म्हणजे तळाचे दिसू लागते, आणि ते नेहमी सुखाचे नसते.

तीन वर्षांपूर्वी आमचे नगरचे घर विकले गेले. ते कागदोपत्री दादाच्या नावावर होते. त्याने व्यवहार केला आणि मग मला कळवले. माझ्या वाट्याचा चेक आला, रुपयाही कमी नाही. आईचा तो पाट मात्र भंगारवाल्याकडे गेला होता. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद आहे.

आता प्रभूच्या प्रार्थनेत एक मागणे असे आहे, की आम्ही इतरांना जशी क्षमा करतो तशी आम्हांला कर. मंदिरात शंभर आवाजांत ते कधीच पार पडते. पहाटे पाच वाजता एकटीच्या तोंडून ते पुढे सरकत नाही. कित्येक महिने मी तिथेच थांबे. दूधवाल्याची बेल वाजे, आणि मला हायसे वाटे. वेळ मिळत नाही म्हणणाऱ्यांपैकी बरेचजण वेळाला नव्हे, अशा एखाद्या ओळीला टाळत असावेत, असा मला दाट संशय आहे.

गेल्या पावसाळ्यात त्या थांबण्यात निराळेच काही येऊ लागले. दिवाळीची पहाट. आमच्यात अभ्यंगस्नान नव्हते, पण आळी चार वाजता उठली की आम्हीही उठत असू. दादा मला खांद्यावर घेऊन काकूंच्या अंगणातला किल्ला दाखवायला नेई. भाऊबीजेला काकू त्यांच्या मुलांबरोबर दादालाही पाटावर बसवीत आणि तबक माझ्या हाती देत. आईची त्याला ना नसे. मी ओवाळताना तो हसू दाबून धरी, त्याचे कान लाल होत.

क्षमा झाली असे मी म्हणणार नाही. ओळ अजून अडखळतेच. पण त्याचे नाव आता रोज घेते, त्याच्या गुडघ्यांसाठी, त्याच्या साखरेसाठी. परवा वहिनींचा फोन आला. दादाच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ठरले आहे. मी एसटीचे तिकीट काढले. तिथे पोचल्यावर पहिले वाक्य काय बोलायचे ते सुचलेले नाही. सध्या पहाटे गॅलरीत बसून तेच शोधत असते.