घाटीची वाट

धावड्याकडच्या बोलण्यात आजाराच्या गांभीर्याची एक चढण आहे. 'दवाखान्यात दाखवलं' म्हणजे फारसे काही नाही. 'भोकरदनला नेलं' म्हटले की ऐकणारा हातातले काम थांबवतो. आणि 'घाटीत हलवलं' हे शब्द आले की पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही. रोगाची नावे ठाऊक नसलेल्यांनी त्याची मोजणी ठिकाणांच्या नावांनी केली. आम्हांला ही परिभाषा कोशातल्या परिभाषेपेक्षा अधिक अर्थवाही वाटते.

घाटी म्हणजे औरंगाबादचे, आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला तेही त्याच वर्षी. भोकरदन तालुका तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला आणि कचेरीचे कागद जालन्याकडे वळले. जिवावरचे दुखणे मात्र घाटीचीच वाट धरीत राहिले. जिल्हा अधिसूचनेने होतो. शल्यविशारद, रक्तपेढी आणि रात्रपाळीची परिचारिका तशा येत नाहीत.

सरकारी निकष सपाट प्रदेशात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा आहे. त्यात डोकी मोजली जातात. अडलेल्या बाळंतिणीला मात्र रस्ता मोजावा लागतो, पूर्वी बाजेवर वा बैलगाडीत, मग भाड्याच्या जीपमध्ये. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

आमच्या घरी आजीचा घाटीतला केसपेपर पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला होता. तिच्या नावाने कोणी काही लिहून ठेवले असे कागद घरात ते दोनच. (वय अंदाजे टाकलेले, तेही दोन पानांवर निराळे.) मराठीत डॉक्टरांची आत्मकथने पुष्कळ आहेत, पण वॉर्डाबाहेर चटई अंथरून, डबा आणि चिठ्ठ्या सांभाळीत रात्रंदिवस बसणाऱ्या 'जवळच्या माणसा'चे गद्य आम्हांला अभ्यासक्रमात फारसे भेटले नाही. असो.

२०२४ मध्ये जालन्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. धावड्याच्या बोलीत घाटीची जागा तो शब्द कधी घेतो, याकडे आमचे कान आहेत. अजून तरी तो ऐकू आलेला नाही.