गोलाच्या तोंडाशी

डिसेंबर २०१५. चेन्नईच्या वेलचेरीत तळमजले पाण्याखाली गेले होते आणि रस्त्यांतून होड्या फिरत होत्या. पल्लिकरणैची पाणथळ चहूबाजूंनी बांधून काढल्यावर पाण्याने जायचं तरी कुठे? शहराची ही दशा, म्हणून चेन्नैयिन एफसीने इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) घरचा उपांत्य सामना उचलून थेट पुण्याला, बालेवाडीला नेला. १२ तारखेला तिथे त्यांनी कोलकात्याला ३-० हरवलं. आमच्या खालच्या मजल्यावरचे अण्णा आजही म्हणतात, 'त्या वर्षी तुमच्या पुण्यानं आम्हाला घर दिलं.' मी कोल्हापूरचा. पुण्याच्या वतीने आभार स्वीकारणं जिवावर येतं, पण स्वीकारतो.

•

त्याच स्पर्धेचा अंतिम सामना २० डिसेंबरला फातोर्ड्यात झाला. गोवा विरुद्ध चेन्नई. ८७ व्या मिनिटाला गोवा २-१ पुढे, घरचं मैदान, प्रेक्षक उभे. मग नव्वदाव्या मिनिटाला स्वयंगोल, नावावर लागला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या. पाठोपाठ भरपाईच्या वेळेत मेंडोझाचा गोल. चेन्नई ३-२.

वेलचेरीत हा सामना अजून निघतो, तेव्हा मेंडोझाचं नाव प्रेमाने घेतलं जातं आणि कट्टीमणीचं हसून. त्याआधीच्या एकोणनव्वद मिनिटांत त्याने काय अडवलं, हे कोणालाच सांगता येत नाही. मलाही नाही.

•

म्हणून पुढचं मुद्दाम लिहून ठेवतो. २० मार्च २०२२, पुन्हा फातोर्डा, पुन्हा आयएसएलचा अंतिम सामना. कट्टीमणी आता हैदराबादच्या गोलात, समोर केरळ ब्लास्टर्स. १-१ बरोबरी, मग पेनल्टी. त्याने लेस्कोविचची अडवली, निशू कुमारची अडवली, जीकसन सिंगची अडवली. निशूची तर दोनदा: पहिल्या वेळी रेषा लवकर सोडली म्हणून पंचांनी ती पुन्हा मारायला लावली आणि याने ती पुन्हा अडवली. हैदराबाद ३-१ ने विजेते.

सहा वर्षं आणि तीन महिने. मैदान तेच. हे अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, 'असेल, पण तो सामना आमचा नव्हता.'

•

मद्रासला गोव्याच्या गोलरक्षकाचं देणं तसं जुनं आहे. १९८३-८४ ची संतोष ट्रॉफी इथे झाली. गोव्याने अंतिम सामन्यात पंजाबला १-० हरवलं आणि सबंध स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. गोलात ताळगावचा ब्रह्मानंद शंखवाळकर. आदल्या वर्षी कोलकात्यात बंगालशी ०-० बरोबरी होऊन ट्रॉफी वाटून घेतलेली. म्हणजे लागोपाठच्या दोन अंतिम सामन्यांत मिळून समोरच्याच्या नावावर शून्य.

शंखवाळकरांची बहुतेक कारकीर्द साळगावकर क्लबमध्ये गेली. भारताचं कप्तानपदही त्यांच्याकडे होतं. अर्जुन पुरस्कार १९९७ चा, म्हणजे खेळणं आटोपल्यावर. पद्मश्री २०२२ ची, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी जाहीर झालेली. गोलरक्षकाला दाद उशिरा पोचते असं म्हणायचा मोह होतो, पण आपल्याकडे फुटबॉलमधल्या कोणाला ती वेळेवर पोचली?

या शहरात ज्याने कुणाला एक गोल करू दिला नाही, त्याची आठवण इथे कोणी काढत नाही. शून्याचा किस्सा रंगवून सांगता येत नाही, हीच अडचण असावी.

•

इंग्लंडमध्ये वरच्या चार पायऱ्यांवर ९२ क्लब आहेत. त्यांच्या खाली सगळं 'नॉन-लीग': नॅशनल लीग, तिच्याखाली प्रांतांच्या लीगा, त्यांच्याखाली गावांच्या. तिथला गोलरक्षक बहुधा दिवसा कुठेतरी नोकरी करतो, संध्याकाळी दिव्याखाली सराव आणि शनिवारी सामना.

आपल्याकडे गणित उलटं होतं. नोकरी असूनही खेळायचं असं नव्हतं, खेळायचं ते नोकरीसाठी. चेन्नईत इंटिग्रल कोच फॅक्टरी, दक्षिण रेल्वे, इंडियन बँक. मुंबईत एअर इंडिया, ओएनजीसी, महिंद्र. चांगल्या गोलरक्षकाला पगारपत्रक मिळे, पुढे बढती आणि पेन्शन. महिंद्र युनायटेडने २०१० मध्ये संघ बंद केला, इंडियन बँक एके काळी राष्ट्रीय लीग खेळायची. आता फ्रँचायझी आल्या. वरच्या मूठभरांना पैसा बरा मिळतो, पण त्यांच्या खालच्यासाठी जी टेबल-खुर्ची होती ती गेली. हा सौदा फायद्याचा झाला असं मला वाटत नाही.

•

कोल्हापूर या दोन्हींत बसत नाही. तिथे गोलरक्षक पेठेचा असतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशी नावं, मुळात तालमींची, आणि शाहू स्टेडियमवर पेठेच्या पेठा लोटलेल्या. इंग्लंडच्या नॉन-लीगमध्ये गोलामागे पाच-पन्नास लोक उभे राहून पाहुण्या गोलरक्षकाच्या आईवडिलांची चौकशी करतात म्हणे. शाहू स्टेडियमवर एक सामना उभं राहून दाखवा म्हणावं. शिवाय कोल्हापुरात शिव्या देणारा गल्लीतलाच. दुसऱ्या दिवशी मिसळीच्या टपरीवर त्याच्याच शेजारी बसायचं.

•

जिमी ग्लास. याच्यावर मी जास्त लिहिणार.

८ मे १९९९, कार्लाइल युनायटेडचा हंगामातला शेवटचा सामना, प्लिमथशी. जिंकले नाहीत तर ९२ मधून बाहेर, नॉन-लीगमध्ये. क्लबने स्वतःचा गोलरक्षक विकलेला, म्हणून स्विंडनकडून ग्लासला उसना आणलेला. त्याचा हा कार्लाइलसाठी तिसरा सामना. १-१. नव्वद मिनिटं संपून भरपाईची वेळ सरत आलेली, कॉर्नर मिळाला. ग्लास स्वतःचा गोल मोकळा टाकून समोर धावला. सहकाऱ्याचा हेडर प्लिमथच्या गोलरक्षकाने परतवला, चेंडू ग्लासच्या पुढ्यात पडला आणि त्याने तो उजव्या पायाने आत घातला. २-१. प्रेक्षक मैदानात. कार्लाइल वाचलं, त्यांच्याऐवजी स्कारबरो खाली गेलं.

गोष्ट सांगणारे इथे थांबतात. खरी कारकीर्द पुढची आहे. कार्लाइलने त्याला ठेवून घेतलं नाही. इकडे तिकडे थोडे सामने, मग ज्या नॉन-लीगपासून त्याने क्लबला वाचवलं तिथेच तो स्वतः उतरला: क्रॉली, सॉल्सबरी. तिशीच्या आतच पूर्ण वेळ खेळणं संपलं. नंतर डॉर्सेटमध्ये टॅक्सी चालवली.

मला त्याच्याबद्दल कणव वाटावी अशी लेखकांची अपेक्षा असते. वाटत नाही. टॅक्सी हा धंदा वाईट नाही. वाटतं ते एवढंच, की ज्याने आयुष्यभर हातांनी काम केलं, त्याला लोक एका लाथेवरून ओळखतात.

•

निक पोपची दिशा उलटी. सोळाव्या वर्षी इप्सविचने सोडलं, मग बरी टाउन हा नॉन-लीग क्लब, आणि जोडीला दूध टाकायचं काम. २०११ मध्ये चार्ल्टनने उचललं. २०१८ च्या विश्वचषकासाठी इंग्लंडच्या संघात. इंग्रजी वर्तमानपत्रांना दूधवाला सापडल्यावर त्यांनी तो पुन्हा पुन्हा छापला. मधल्या सात वर्षांतली बरीच इकडून तिकडे उसनं जाण्यात गेली, ती कोणी फारशी छापली नाहीत.

•

राखीव गोलरक्षक ही वेगळी जात. दुसरा फॉरवर्ड निदान शेवटची वीस मिनिटं तरी मैदानात येतो. दुसरा गोलरक्षक पहिल्याचं बोट मोडण्याची वाट बघतो, आणि ती बघतोय असं दिसूही द्यायचं नसतं.

२० फेब्रुवारी २०१७ ला नॉन-लीगमधला सटन युनायटेड एफए कपमध्ये आर्सेनलशी खेळला, ०-२ हरला. राखीव गोलरक्षक वेन शॉ, वय ४५, देह भारदस्त. बदली खेळाडूंचा कोटा संपल्यावर तो बाकावर बसून मांस-बटाट्याची पाई खाऊ लागला. बेकरीतल्या पॅटिसच्या जातीचा पदार्थ. तो कॅमेऱ्यासमोर खाईल यावर एका सट्टेवाल्या कंपनीने आधीच एकास आठचा भाव लावलेला. शॉने दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. पुढे ३७५ पौंड दंड आणि दोन महिने बंदी.

नियम नियम असतो, मान्य. तरी तो मनुष्य क्लबात पडेल ते काम करणारा होता, आणि भाव लावणारी कंपनी त्या रात्री सटनच्याच शर्टावर जाहिरात करत होती.

•

पीटर थंगराज जन्माने हैदराबादकडचे, पण घडले निलगिरीत वेलिंग्टनच्या मद्रास रेजिमेंटल सेंटरमध्ये. आले ते सेंटर फॉरवर्ड म्हणून, झाले गोलरक्षक. सेंटरने १९५५ आणि १९५८ ला ड्युरँड जिंकला. १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत थंगराज तापाने पडले तेव्हा गोल सांभाळला प्रद्योत बर्मननी, उपांत्य सामन्यासकट. अंतिम सामन्याला थंगराज परत आले, भारताने दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्ण घेतलं. बर्मननी तो सामना बाहेरून पाहिला. त्यांना काय वाटलं असेल हे वेन शॉला विचारावं.

•

१९१२ पर्यंत गोलरक्षकाला स्वतःच्या सबंध अर्ध्या मैदानात चेंडू हातात घेता येई. मग हात पेनल्टी क्षेत्रापुरते आखडले. १९९२ मध्ये आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू हातात घ्यायला बंदी आली. २०१९ पासून पेनल्टीच्या वेळी एक पाय रेषेवर असला तरी पुरतं, एवढीच काय ती सूट. आता हातात चेंडू आठ सेकंदांहून जास्त धरला तर समोरच्यांना कॉर्नर. एरवी शंभर वर्षांत त्याच्याकडून काढून घेणंच चाललंय. गोल मात्र तेवढाच: ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच.

•

वेलचेरीत आता मोकळ्या जागेत जाळी लावून तासावर भाड्याने देतात. टर्फ. रात्री आयटीतले खेळतात, सुट्टीच्या सकाळी पोरं. पोरांचा कायदा साधा आहे: जो गोल खाईल त्याने बाहेर यायचं, दुसऱ्याने आत जायचं. हेतू न्यायाचा, पण त्याने काय होतं ते पाहण्यासारखं आहे. आत उभं राहायचा कंटाळा आला की पोरगं सरळ चेंडू सोडून देतं, 'अय्यो' करून डोक्याला हात लावतं आणि फॉरवर्डला पळतं. त्यातलं एक चष्मेवालं तेवढं सोडत नाही. त्यामुळे तासभर तेच आत असतं, आणि निघताना पैसे मात्र सगळ्यांइतकेच भरतं.